आबांचा दहावा आणि शेवंतीची जुनी चव

खानदेशात कागदात गुंडाळलेलं गोड ते सगळं चॉकलेट. त्यात कोको आहे की नाही, ही चौकशी कोणी करत नाही. आमच्या शेवंती चॉकलेटमध्ये तर कोको कधी औषधालाही नव्हता. पूर्वी दुधाचा खवा, साखर, तूप आणि वेलदोडा, बस्स. पिवळा कागद, त्यावर शेवंतीचं फूल आणि दोन्ही टोकांना पीळ. दोंडाईच्याला आमच्या कारखान्यात ते बनतं आणि धुळे-नंदुरबारकडच्या किराणा दुकानांत बरणीतून विकलं जातं. माझे सासरे पितांबर आबा यांनी ते नावारूपाला आणलं आणि माझ्या नवऱ्याने, हितेंद्रने, ते बिघडवलं. हे मी म्हणत नाही. अख्खा धुळे जिल्हा म्हणतो.

मी मयुरी, या घरची सून. माहेर जळगावचं. कारखान्याची खरेदी आणि दुकानदारांशी घासाघीस माझ्याकडे असते. गोड धंद्यात राहून माझी जीभ तेवढी तिखट झाली, असं सासूबाई म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत.

तर बिघडवलं म्हणजे काय केलं? खव्याच्या जागी दुधाची पावडर घातली आणि तुपाच्या जागी तेल. हौस म्हणून नाही. गावातलं दूध पहाटेच डेअरीच्या टँकरमध्ये जायला लागलं, तुपाला हात लावायची सोय उरली नाही, आणि जुनं चॉकलेट श्रावणात असं पाझरायचं की दुकानदार बरण्याच्या बरण्या परत पाठवायचे. खव्याचं शेवंती आज करायला घेतलं तर आत्ताच्या चौपट भावाला पडेल. त्या भावाने किराणा दुकानातून ते कोण नेणार? हितेंद्रने पावडर घातली म्हणून कारखाना उभा राहिला, आणि कागदाला पीळ घालणाऱ्या तानुबाईच्या आणि तिच्याबरोबरच्या पस्तीस-चाळीस बायकांच्या चुली पेटत्या राहिल्या.

आबांना हे पटलं नाही. कारखाना मुलाच्या हाती देऊन ते धुळ्यात, देवपुरात आमच्याजवळ राहत होते. साखरेच्या आजारामुळे चॉकलेट खायची बंदी, पण नव्या मालातलं एक ते रोज मागून घेत, जिभेला लावत आणि थुंकून टाकत.

“हितू, हाई चॉकलेट नही शे, मेण शे मेण. मन्ही शेवंती तू मारी टाकी.”

हितेंद्र मान खाली घाली. वडिलांना उलट बोललं की पाप लागतं, अशी त्याची समजूत. दुसऱ्याने कोणी तक्रार केली तरी तो मान खालीच घाली. लग्नात, बाजारात, दवाखान्यात, कुठेही कोणी भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “हितूभाऊ, शेवंतीला आता पहिली चव नाही हो.” माझा नवरा त्यांच्या घरातलं कोणी मारून आल्यासारखा उभा राही. मला त्या माणसांचाही राग येई आणि त्याचाही.

एकदा मी सासूबाईंजवळ, म्हणजे लताबाईंजवळ, हे सगळं भडाभडा बोलले. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “तुन्हा सासरानी बी तेच करेल व्हतं. पहिले गूळनं चॉकलेट व्हतं. यास्नी साखर टाकी, तं मन्हा सासरा महिनाभर यास्नासंगे बोलना नही.” म्हणजे जुनी चव मारायची परंपराही घराण्याचीच होती. पण त्याची आबांना आठवण करून द्यायची छाती कोणाची?

त्यात प्रेमराज नानांनी गट काढला. नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, देवपुरात आमच्या मागच्या गल्लीत राहणारे. निवृत्त माणसाला कामं दोनच, सकाळी चालणं आणि उरलेला दिवस पूर्वी सगळं कसं छान होतं ते सांगणं. नाना पूर्वीच्या साबणावर बोलत, पूर्वीच्या बिस्किटावर बोलत, पूर्वीच्या थंडीवरसुद्धा बोलत, पण शेवंतीवर बोलताना ते चष्मा काढून पुसत. मोबाइलवरच्या त्यांच्या गटाचं नाव ‘शेवंती : जुनी चव परिवार’. दीडदोनशे माणसं. सकाळी उठल्याबरोबर जुन्या कागदाचा फोटो, खाली ‘ज्यांनी हे चाखलं त्यांचंच बालपण खरं’, मग त्याखाली रडणारे चेहरे. आबा त्या गटाचे सन्माननीय अध्यक्ष. आपल्याच कारखान्याविरुद्धच्या गटाचे.

या परिवारातला एकही माणूस शेवंती विकत घेत नाही. जुनी चव होती तेव्हा शेवटी शेवटी घेत नव्हते, म्हणून तर माल दुकानात पडून राहायचा आणि पाझरून परत यायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नानांकडे गेले, तर त्यांच्या सुनेने, नूतनने, वाण म्हणून सोनेरी चकचकीत कागदात गुंडाळलेलं परदेशी चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं. “पोरांना हेच लागतं हो,” ती म्हणाली. शेजारी सोफ्यावर नाना बसले होते आणि मोबाइलवर शेवंतीसाठी रडत होते.

खरं सांगू का? जुन्या चवीत निम्मी चव भुकेची होती. आठवडी बाजाराच्या दिवशी एक चॉकलेट मिळायचं, तेही भावंडांत दातांनी तोडून. आता दिवसाला चारदा गोड खाणाऱ्या तोंडात अमृत घातलं तरी ते म्हणणार, पहिल्यासारखं नाही. पण हे बोलून दाखवलं तर माणसं सुनेला उद्धट म्हणतात, म्हणून मी बरीच वर्षं गप्प होते.

मग थंडीत आबा आजारी पडले. दवाखान्यात गोळ्या घेतानाही म्हणाले, “ह्या गोया बी आते पहिलासारख्या नहीत.” शेवटच्या दिवशी सासूबाई त्यांना चमच्याने वरणाचं पाणी भरवत होत्या. आबांनी घोट घेतला, हितेंद्रकडे पाहिलं, “चव...” एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

आता तोंडात वरण, समोर वरण, आणि त्या वरणात डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. आबा वरणाबद्दल बोलले असं माझं प्रामाणिक मत आहे. पण दारावर भेटायला आलेल्यांपैकी कोणाला तरी सासूबाईंनी हे सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत गटावर आलं, ‘आबांचा शेवटचा शब्द : चव. आपण त्यांची इच्छा पूर्ण करणार की नाही?’

हितेंद्रने ते वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला. “मयुरी, जातानासुद्धा आबा माझ्यावर नाराजच गेले,” तो म्हणाला. मी वरणाचं सांगितलं. त्याने ऐकलं नाही. त्या दिवसांत तो एकच गोष्ट धरून बसला होता, दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो की नाही. शिवला तर आबांनी माफ केलं. नाही शिवला तर काय, हे तो बोलत नसे. कावळ्यावर एवढा भार टाकू नये हे मला कळत होतं, पण वडील गेलेल्या माणसाला शहाणपण शिकवायचं कसं?

दहाव्याला पांझरेच्या काठी गेलो. हल्ली बायकाही जातात, म्हणून सासूबाई आणि मी होतो, दोंडाईच्याहून तानुबाई आणि कारखान्यातल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. भाऊबंद होते. आणि परिवार होता. अख्खा परिवार. गटावर नानांनी ‘सर्वांनी अगत्य यावे’ टाकलं होतं, जणू लग्न आहे. दोघा जणांनी एक फलक धरला होता. त्यावर आबांचा फोटो शेंगदाण्याएवढा आणि शेवंतीचं चॉकलेट भोपळ्याएवढं, खाली ‘चव हाच आबांचा श्वास’. वारा आला की फलक फडफडायचा आणि ते दोघे दोन पावलं पिंडाकडे सरकायचे.

विधी झाला. गुरुजींनी पिंड मांडले. हितेंद्र मुंडण केलेला, ओल्या पंच्यात, थंडीने कुडकुडत हात जोडून उभा राहिला. बाकी माणसं भोवती कोंडाळं करून उभी, हातात मोबाइल, कावळा शिवतानाचं चित्र घ्यायला. कावळे होते. पलीकडच्या निंबावर सात-आठ बसले होते आणि आमच्याकडे मान वाकडी करून बघत होते. एकही खाली येईना.

मग सुरू झालं जे सगळीकडे होतं ते. हितेंद्र म्हणाला, “आबा, आईला सांभाळेन.” कावळा ढिम्म. “बहिणीचं माहेर तुटू देणार नाही.” ढिम्म. सासूबाईंनी आबांना आवडायची म्हणून कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत आणलं होतं, ते पिंडाशेजारी ठेवलं. एक कावळा उडाला, घिरटी घातली, फलक फडफडला तसा परत निंबावर गेला. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं.

“चॉकलेट ठेवा,” कोणीतरी म्हणालं.

तानुबाईने पिशवीतून शेवंती काढलं, कागद सोडवला आणि पानावर ठेवलं. सगळ्यांनी मोबाइल वर केले. काही नाही.

प्रेमराज नाना पुढे आले. “अरे, कसा शिवेल? जे त्यांनी जिवंतपणी थुंकलं ते मेल्यावर खातील?” आणि त्यांनी खिशातून एक छोटी चांदीची डबी काढली. आत कापसावर एक शेवंती होतं. जुनं. खव्याचं. नाना नोकरीला लागले तेव्हापासून ते देवघरात ठेवलेलं. रंग काळपट, वर पांढरी बुरशी की विभूती ते देव जाणे. परिवारातल्या माणसांनी चपला काढून त्याचं दर्शन घेतलं, नथ्थूभाऊ कापडवाल्यांनी तर डोळ्यांना हात लावले. नानांनी ते पानावर तानुबाईच्या चॉकलेटशेजारी ठेवलं आणि लगेच बजावलं, “फक्त चोच लावू द्या. उचललं तर सोडवून घ्या.”

कावळ्यांनी दोन्ही पाहिलं आणि तिथेच बसले.

तेव्हा नथ्थूभाऊ मोठ्याने म्हणाले, “हितूभाऊ, आबास्ना जीव कशात अडकेल शे, हाई तुमले ठाऊक शे. शब्द द्या. जुनी चव परत आणस म्हना.” मागून सगळे बोलू लागले. “शब्द द्या!” “पाणी सोडा!” एकाने तर मोबाइल हितेंद्रच्या तोंडासमोर धरला.

आमच्याकडे हातावर पाणी घेऊन पिंडासमोर दिलेला शब्द मोडत नाहीत. आणि माझा नवरा तर साधा दिलेला शब्दही मोडत नाही. त्याने खव्याचं चॉकलेट कबूल केलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून खवा आणला असता, आणि चार महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं असतं. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि तानुबाईलाही माहीत होतं. ती माझ्याजवळ सरकली. “वहिनी, कारखाना बंद पडी जाई का व?” तिने विचारलं.

हितेंद्रने माझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर धीर सुटला असता. त्याने तांब्या वाकडा केला, ओंजळीत पाणी घेतलं. “आबा,” तो म्हणाला, “मी तुमची...”

“थांबा,” मी म्हणाले.

गुरुजी चपापले. “सूनबाईंनी मध्ये बोलायचं...”

“बोलू द्या तिले,” सासूबाई म्हणाल्या.

मी पुढे गेले आणि पिंडासमोर हात जोडले. “आबा, जुनी चव परत आणू. खव्याची, तुपाची, तुमच्या वेळची. मी कबूल करते.” परिवारात आनंदाची लाट आली. “पण आबा, तुम्हीच शिकवलं आहे, गिऱ्हाईक ठरल्याशिवाय कढई चढवू नये. ही तुमची एवढी माणसं चवीसाठी जमली आहेत. ती आत्ता तुमच्यासमोर हातावर पाणी घेतील. दर महिन्याला प्रत्येकी दोन किलो, पडेल त्या भावाने, जन्मभर. त्यांचं पाणी सुटलं की हितेंद्रचं सुटेल.”

मी तांब्या उचलला आणि प्रेमराज नानांसमोर धरला. “नाना, पहिला मान तुमचा.”

नानांनी तांब्याकडे असं पाहिलं, जणू त्यात विंचू आहे. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. मोबाइलवर रडणं वेगळं आणि ओंजळीत पाणी घेणं वेगळं. “मला... मला शुगर आहे, सूनबाई.”

“तुम्ही नका खाऊ. नातवंडांना द्या.”

“ती हे खात नाहीत,” नाना म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळताच त्यांनी जीभ चावली.

मी तांब्या नथ्थूभाऊंकडे वळवला. नथ्थूभाऊंना एकदम दुकान उघडायची आठवण झाली. त्यांच्यामागच्याची गाडी रस्त्यात उभी होती. एकाला फोन आला, तो वाजला नव्हता तरी आला. एक जण म्हणाला, दोन किलो जास्त होतं, मी पाव किलोचा विचार करून घरी विचारून सांगतो. मी तांब्या घेऊन जिकडे वळले तिकडची माणसं मागे सरकली. जुनी चव परिवार काठावरून घाटाच्या पायऱ्यांवर गेला, पायऱ्यांवरून रस्त्यावर, आणि फलक धरणाऱ्या दोघांनी तो गुंडाळून काखेत मारला. बघता बघता वाळू मोकळी झाली. राहिलो घरचे आणि कारखान्यातल्या बायका.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “आते आपण बी बठ्ठा मांगे सरका.”

आम्ही मागे झालो. हितेंद्र तसाच ओंजळ धरून होता, पाणी बोटांतून गळून गेलं होतं. निंबावरून एक कावळा निघाला, सरळ पिंडावर उतरला, चोच मारली. मग दुसरा. मग चार-पाच. एकाने ठेचा चाखला आणि मान झटकली. एकाने तानुबाईने ठेवलेलं शेवंती उचललं, ते चोचीला चिकटलं, त्याने दगडावर चोच घासली आणि पुन्हा तेच खायला लागला. नानांच्या काळ्या चॉकलेटला एकाने टोच मारून बघितली, टक्कन आवाज आला आणि तो बाजूला झाला.

“खाल्लं,” हितेंद्र म्हणाला. “मयुरी, आपलं खाल्लं. माझं.” आणि तो लहान पोरासारखा हमसून रडला. सासूबाईंनी त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. तानुबाईने पदर डोळ्यांना लावला.

गर्दी हटली, फडफड थांबली आणि कावळे आले. एवढंच झालं होतं. मला ते उघड दिसत होतं, आणि मला वाटतं सासूबाईंनाही. पण ते त्याला सांगण्याइतकी मी काही शहाणी नाही. तो रडत होता आणि मला बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं.

तेवढ्यात पायऱ्यांवरून प्रेमराज नाना परत आले. लाजत नाही, घाईत. मला वाटलं क्षमा मागतील. ते थेट पानाजवळ गेले, कावळ्यांना हुसकावलं, आपलं चॉकलेट उचललं, फुंकर मारली, चांदीच्या डबीत नीट कापसावर ठेवलं आणि झाकण दाबलं. मग त्यांना दिसलं की शेजारचं संपलं आहे. फार दुखावल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

“हितेंद्र,” ते म्हणाले, “कावळेसुद्धा आता पहिल्यासारखे राहिले नाहीत रे. आमच्या वेळचा कावळा असल्या मालाला तोंड लावत नसे.”

मी तोंड उघडणारच होते. हितेंद्र आता मान खाली घालणार, हेही मला ठाऊक होतं.

त्याने नानांकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक लाल झालंय, ओला पंचा अंगाला चिकटलाय आणि हा पोट धरून हसतोय. नाना गोंधळून एक पाऊल मागे गेले. गुरुजींनी सासूबाईंकडे बघितलं, दहाव्याला असं चालतं का म्हणून.

“हासू द्या त्याले,” सासूबाई म्हणाल्या. आणि तो हसत राहिला.